धाकेफळचें झाकण आणि लोणारचें विवर

लोणारच्या सरोवराची कथा वऱ्हाडांत व मराठवाड्यांत आबालवृद्धांस ठाऊक आहे. लवण नांवाचा दैत्य भूमीखालीं बिळांत राहून देवांस व मनुष्यांस पीडा देत असे. विष्णूनें सुंदर तरुणाचें रूप घेऊन त्याच्या दोन बहिणींस मोहित केलें, त्यांच्याकडून दैत्याच्या निवासाचा ठाव काढला, आणि पायाच्या अंगठ्याच्या नुसत्या स्पर्शानें बिळावरचें झाकण उडवून देऊन निजलेल्या दैत्याचा वध केला. लोणार येथील देवाचें दैत्यसूदन हें नांव या पराक्रमाचें आहे. कथेचा एवढा भाग बहुतेक लेखकांनीं दिलेला असतो. परंतु उडालेल्या त्या झाकणाचें पुढें काय झालें, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. लोकांनीं मात्र तो विचारला होता व त्याचें उत्तरहि देऊन ठेविलें होतें. वऱ्हाडच्या इंग्रजी गॅझेटियरांत तें नोंदलेलें आहे. लोणारच्या नैर्ऋत्येस ३६ मैलांवर धाकेफळजवळ एक टेकडी आहे. तीच तें झाकण होय, आणि तिचा विस्तार सरोवराच्या तोंडाशीं जुळतो, असें तिकडील लोक सांगत.

नकाशावर लोणारपासून नैर्ऋत्येस ३६ मैल मोजले असतां पूर्णेचें खोरें ओलांडून आपण दुधनेच्या सखल प्रदेशांत, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्याच्या दक्षिण भागांत येतों. लोणार बुलढाणें जिल्ह्यांत मोडतें. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं औरंगाबाद जिल्ह्यांतून निराळा झाला. १८५३ मध्यें निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत गेला तेव्हांपासून विवर एका अंमलांत आणि त्याचें झाकण दुसऱ्या अंमलांत, अशी मोठी मौजेची स्थिति जवळजवळ शंभर वर्षें होती. कथेनें ही सरहद्द कधींच मानली नाहीं. धाकेफळ या नांवांत ‘झांकणें’, ‘ढांकणें’ यांचा ध्वनि ऐकूं येतो असें कोणी म्हणेल. परंतु त्याच भागांत कुंभेफळहि आहे, आणि केवळ ध्वनिसाम्यावर ग्रामनामांची व्युत्पत्ति बसविण्याचे प्रकार आमच्याकडे इतके झाले आहेत कीं, त्यांत आणखी एकाची भर घालण्याची आमची इच्छा नाहीं.

हा विषय आतां काढण्याचें कारण असें. लोणारचें विवर उल्कापातानें झालें हें शास्त्रज्ञांनीं निश्चित केल्यापासून, लवणासुराची कथा ही त्या उल्कापाताची प्रत्यक्षदर्शी आठवण आहे, असें प्रतिपादन व्याख्यानांतून व छोट्या पुस्तिकांतून होऊं लागलें आहे. तें खरें ठरलें तर जगांतील सर्वांत जुनी मौखिक बखर आमच्या या प्रांतांत आहे असें म्हणावें लागेल. एवढा मोठा दावा असेल तर त्याची तपासणीहि तितकीच कडक झाली पाहिजे. बखर आणि अस्सल कागद यांच्यांत विरोध आला असतां कागदाकडे जावें, हा आपल्या मंडळींचा शिरस्ता आहे. येथें अस्सल कागद म्हणजे खुद्द तो दगड होय.

जालना प्रांतांत विहीर खोदणाऱ्यास या दगडाची ओळख कोणत्याहि पंडितापेक्षां अधिक असते. वर काळी माती, तिच्या खालीं मुरूम, मग छिद्रांनीं भरलेला मांजऱ्या, त्याखालीं सुरुंगाशिवाय न हटणारा काळा पाषाण, आणि पुनः कधीं कधीं गेरूसारख्या तांबड्या मातीचा पातळ थर लागून त्याखालीं दुसरा मांजऱ्या, असा त्याचा क्रम असतो. हा क्रम म्हणजे एकावर एक ठेविलेलीं दप्तराचीं बस्तनींच होत. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीस लांबलचक भेगा पडून त्यांतून शिलारस बाहेर आला व सपाटीवर दूरवर पसरला. एक लोट थिजला, त्याच्या वरच्या अंगांत अडकलेल्या वायूंचे बुडबुडे तसेच राहिले, तो मांजऱ्या झाला. मधला भाग सावकाश थिजून घट्ट पाषाण झाला. दोन लोटांच्या मध्यें पुरेसा काळ गेला तर वरचें अंग कुजून त्याची माती झाली, आणि पुढच्या लोटानें ती भाजून तांबडी केली. या लोटांनीं आजहि सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. झिजल्यावर त्यांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात म्हणून युरोपीय शास्त्रज्ञांनीं त्यांस पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ‘ट्रॅप’ म्हटलें. उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगरांत ज्यांत लेणीं कोरलीं तो दगड आणि दक्षिणेस दुधनाकांठच्या गढ्यांस ज्याचे चिरे लागले तो दगड, एकाच जातीचा आहे.

पुराणवस्तूंच्या संग्राहकांस या दगडाशीं दुसऱ्याहि एका वाटेनें संबंध येतो. मांजऱ्यांतील पोकळ्यांत पुढें पाण्यांतून गारेचे पदार्थ सांचून अकीक व त्याच्या जातीचे खडे तयार झाले. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील दात्यांचीं नांवें भारहूतच्या स्तूपावरील लेखांत आलेलीं आहेत. त्या गांवीं १९७३ च्या सुमारास मराठवाडा व नागपूर या विद्यापीठांनीं उत्खनन केलें तेव्हां सातवाहनकालीन थरांत अशा खड्यांचे मणी मिळाले. ज्या मण्यांस आपण दोन हजार वर्षांचे म्हणून जपतों त्यांचें द्रव्य कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या बुडबुड्यांत घडलेलें आहे. अर्थात्‌ याचें श्रेय सातवाहनांच्या कारागिरांकडून कोणी काढून घेणार नाहीं.

आतां विवराकडे वळूं. जालन्याहून सिंदखेडराजावरून लोणारास गेलें म्हणजे सपाट रानांत अकस्मात्‌ पायाखालची भूमि संपते. समोर जवळजवळ वर्तुळाकार खळगा, व्यास सुमारें १.८ किलोमीटर, कांठापासून तळापर्यंत खोली सुमारें १५० मीटर. भिंतींत शिलारसाचे लोट एकावर एक उघडे पडलेले दिसतात. तळाशीं हिरवट खाऱ्या पाण्याचें सरोवर. त्यास बाहेर जाण्यास वाट नाहीं.

१८२३ मध्यें अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें हें स्थळ पाहून त्याच्या वेगळेपणाकडे लक्ष वेधलें. पुढें भूस्तरशास्त्रज्ञांचा जो गोंधळ उडाला तो संशोधनाच्या इतिहासांत वाचण्यासारखा आहे. मेडलिकट व ब्लॅनफर्ड यांनीं १८७९ सालच्या आपल्या हिंदुस्थानच्या भूस्तरशास्त्रावरील ग्रंथांत अडचण मोठ्या प्रांजलपणें मांडली आहे. कांठावर दगडांच्या धोंड्यांचा उंचवटा आहे, व ते धोंडे भिंतींतल्याच जातीचे आहेत. म्हणून भूमि नुसती खचली असें म्हणतां येत नाहीं. पाण्याच्या झिजेनें असला खळगा पडत नाहीं. तेव्हां ज्वालामुखीचा स्फोट म्हणावा, तर स्फोटाबरोबर बाहेर आलेला शिलारस, राख वा लाव्ह्याचा फेंस आसपास कोठेंच आढळत नाहीं. तरीहि दुसरा उपाय न सुचल्यामुळें त्यांनीं स्फोटाच्याच बाजूनें कौल दिला. साक्षीदार उलट बोलत आहेत हें नमूद करून मग निकाल देणारे असे न्यायाधीश विरळा. त्यांचा निकाल चुकला, पण त्यांनीं लिहून ठेविलेली साक्ष शंभर वर्षांनंतर कामास आली.

१८९६ मध्यें गिल्बर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञानें ॲरिझोनाच्या वाळवंटांतील अशाच एका खळग्याशीं लोणारचें साम्य दाखविलें. त्या खळग्याभोंवतीं उल्केच्या लोखंडाचे तुकडे विखुरलेले होते. तरी गिल्बर्टनें तो वाफेच्या स्फोटानें झाला असेंच ठरविलें. म्हणजे जोडी अचूक लावली आणि गोत्र चुकविलें. १९६० च्या सुमारास ॲरिझोनाच्या विवरांत प्रचंड आघाताशिवाय जीं उत्पन्न होत नाहींत अशीं खनिजें सांपडलीं व तेथील वाद मिटला. लोणार येथें तळाच्या गाळाखालीं भोंकें पाडून दगडाचे नमुने काढण्यांत आले. त्यांत आघातानें चुरडलेला व कांचेसारखा झालेला पाषाण निघाला. अग्निजन्य खडकांतील एका नेहमींच्या स्फटिकाची, तो वितळण्यापूर्वींच, केवळ दाबानें कांच होते, तिला मॅस्केलिनाइट म्हणतात. ज्वालामुखींत ती होत नाहीं. फ्रेड्रिकसन व त्यांचे सहकारी यांनीं १९७३ मध्यें हें प्रसिद्ध केलें आणि लोणारचें विवर उल्केचें ठरलें. काळ्या पाषाणांत पडलेलें व इतक्या चांगल्या स्थितींत राहिलेलें दुसरें आघातविवर पृथ्वीवर क्वचितच सांपडेल. चंद्राच्या व मंगळाच्या पृष्ठभागाचा दगड याच जातीचा असल्यामुळें तेथील विवरें समजून घेण्यास परदेशचे शास्त्रज्ञ या गांवीं येतात. खुद्द उल्केचा गोळा मात्र कोणाच्या हातीं लागलेला नाहीं, आणि लागण्याचें कारणहि नाहीं. इतक्या वेगानें येणारी वस्तु आदळतांच बहुतांशीं वितळून व वाफ होऊन जाते.

मग झाकण कोठें गेलें? शास्त्राचें उत्तर असें कीं, तें चूर्ण होऊन जवळच पडलें. विवरांतून उडालेल्या दगडमातीचा थर कांठापासून सव्वा ते दीड किलोमीटरपर्यंत सलग पसरलेला आहे. कांठाचा उंचवटाहि त्याचाच. धाकेफळ ३६ मैलांवर. आणि सपाट माथ्याच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या टेकड्या तर दख्खनच्या या पाषाणांत जागोजाग आहेत. लोटांचे आडवे थर झिजले म्हणजे टणक थर माथ्यावर शिल्लक राहतो व टेकडी झाकणासारखी दिसूं लागते. तेव्हां भूस्तरशास्त्राच्या दृष्टीनें धाकेफळच्या टेकडीचा लोणारशीं कांहींएक संबंध लागत नाहीं.

काळासंबंधीं मतभेद आहे. विवरांतील कांचेसारख्या दगडांत सांठलेल्या प्रकाशशक्तीच्या मापनावरून १९९७ मध्यें ५२,००० वर्षें (सहा हजार कमी अगर जास्त) हा आंकडा आला, व तोच बराच काळ पुस्तकांतून चालू राहिला. २०११ मध्यें आर्गन वायूच्या समस्थानिकांवरून ५ लक्ष ७० हजार वर्षें (४७ हजार कमी अगर जास्त) असा काळ निघाला. पहिल्या पद्धतींत दगड कुजत गेल्यास सांठा गळून वय कमी दिसण्याचा संभव आहे; यामुळें आमचा कल दुसऱ्या आंकड्याकडे आहे. तरी प्रस्तुत प्रश्नापुरता धाकटाच आंकडा घेऊं, म्हणजे प्रतिपक्षास सवलत दिल्यासारखें होईल. ५२,००० वर्षें म्हणजे २५ वर्षांची एक पिढी धरल्यास २,०८० पिढ्या. त्या काळीं दख्खनेंत मनुष्य नव्हता असें नाहीं. नेवाशाजवळ प्रवरेच्या पात्रांत सांकळियांनीं १९५४ पासून जीं दगडी हत्यारें उजेडांत आणलीं तीं त्याहूनहि जुन्या मनुष्याचीं आहेत. परंतु मनुष्य होता येवढ्यानें त्याची आठवण दोन हजार पिढ्या चालत आली असें होत नाहीं. आमच्यांतील किती घराण्यांस आपल्या आठव्या पुरुषाचें नांव पुराव्यानें सांगतां येतें, हें वतनाच्या कागदांचे ढिगारे उपसणाऱ्यांस सांगावयास नको.

यापेक्षां बळकट पुरावा कथेच्याच पोटांत आहे. उल्कापात प्रत्यक्ष पाहणारे लोक तो कसा सांगतात याचा नमुना जहांगीर बादशहाच्या आत्मचरित्रांत मिळतो. १६२१ मध्यें जालंधर परगण्यांत अशी घटना घडली. पूर्वेकडून प्रचंड आवाज आला, आकाशांतून प्रकाश खालीं उतरला, जमीन जळाली, आमिलानें ती खणविली तों खोल जावें तसतशी उष्णता वाढत गेली, आणि शेवटीं तापलेला लोखंडाचा गोळा हातीं आला. बादशहानें त्यांत दुसरें लोखंड मिसळून तरवारी घडविल्या. आवाज, उजेड, दाह आणि वरून खालीं येणें, हीं साक्षीदाराचीं चिन्हें होत. लोणारच्या कथेंत यांपैकीं एकहि नाहीं. तींत वरून कांहीं पडत नाहीं. दैत्य भूमीखालीं आहे, बीळ अगोदरपासून आहे, आणि झाकण आंतून बाहेर, कडेला जातें. उल्का पाहिलेल्या मनुष्यानें ही कथा रचली नाहीं. विवर पाहिलेल्या मनुष्यानें रचली. सपाट रानांत एक वाटोळा खळगा आहे, त्यांतली भूमि कोठें तरी गेली असली पाहिजे. इकडे दुधनेच्या रानांत एक वाटोळी टेकडी आहे, तिला जवळ कारण दिसत नाहीं. तेव्हां ही तिची. मेडलिकट व ब्लॅनफर्ड यांस ज्या प्रश्नानें त्रास दिला तोच प्रश्न आमच्या खेडुतांनीं त्यांच्या अगोदर विचारला होता. कथेचा मोठेपणा आम्ही येथें मानतों. तिला आठवण म्हणून फुगविल्यानें तिची किंमत उलट कमी होते. ती अनुमान आहे, आणि अनुमान करणारीं माणसें होतीं याचा ती पुरावा आहे.

ही कथा किती जुनी? स्कंदपुराणाशीं जोडलेल्या विरजक्षेत्राच्या माहात्म्यांत लोणारचीं तीर्थें येतात. दैत्यसूदनाचें देवालय चालुक्य-यादव काळांतलें आहे. देवाचें हें नांव व देवालय हीं बरोबरच चालत आलीं असें धरल्यास बाराव्या-तेराव्या शतकांत कथा रूढ होती, एवढेंच जपून म्हणतां येईल. झाकण धाकेफळास जाऊन पडल्याचा भाग माहात्म्याच्या कोणत्या प्रतींत आहे, कीं तो निव्वळ तोंडचा आहे, हें जुन्या हस्तलिखित प्रती एकमेकींशीं ताडून पाहिल्याशिवाय ठरणार नाहीं. हें काम संग्राहकांचें आहे.

लिखित साधनांत ‘आईन-इ-अकबरी’ची नोंद महत्त्वाची. अबुल फज्लनें मेहकर सरकाराखालीं लोणारचें वर्णन केलें आहे. त्यास ब्राह्मण लोक विष्णुगया म्हणतात. तलाव कोसभर लांबरुंद असून भोंवतीं उंच डोंगर आहेत. पाणी खारें, परंतु मध्यभागीं व कडेला घेतलेलें गोड. तेथें कांच व साबण करण्याचें द्रव्य आणि सोरा निघून सरकारास चांगलें उत्पन्न येतें. वर एक झरा आहे व त्याच्या मुखावर बैलाची आकृति कोरलेली आहे. अबुल फज्ल दरबारांतून दूर असतां कांहीं काळ जालन्यास राहिला होता, असें गॅझेटियरांत म्हटलें आहे. त्यावरून त्यानें लोणार स्वतः पाहिलें असा तर्क मोह पाडणारा आहे. परंतु वऱ्हाड मोंगलांकडे १५९६ मध्यें आला, ‘आईन’ची रचना त्यानंतर लौकरच आटोपली, आणि ग्रंथकार दक्षिणेंत आला तो १५९९ मध्यें. म्हणून ही माहिती अंमलदारांच्या हकीगतींवरून घेतलेली असावी. ‘मध्यभागीं गोड’ हें विधान ऐकीव दिसतें. कडेचें मात्र खरें आहे. विवराच्या भिंतींत मांजऱ्याचे व तांबड्या मातीचे थर उघडे पडले आहेत, त्यांतून भोंवतालच्या रानाचें पाणी पाझरतें. धारतीर्थाची अखंड धार, सीतान्हाणी व रामगया हीं सर्व त्याच पाझराचीं रूपें. जालन्याच्या विहिरीस ज्या थरांतून पाणी लागतें तेच थर लोणारास तीर्थ होतात. गोड पाणी आंत येतें, बाहेर जाण्यास वाट नाहीं, ऊन त्याची वाफ करितें आणि पाषाणांतून आलेले क्षार मागें राहतात. लवणासुराच्या खारेपणाचें बीज एवढेंच. त्यांत उल्केचा अंश शोधण्याचें कारण नाहीं.

या क्षारांचा व्यापार मोंगलाईंत व इंग्रजींत चालू होता. डल्ला, निमकडल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशीं त्यांच्या निरनिराळ्या जातींचीं नांवें होतीं. कोणता खार त्या वर्षीं किती निघाला हें पाण्याच्या पातळीवर अवलंबून असे. पाणी आटलें म्हणजे पापडी धरे, चढलें म्हणजे हंगाम बुडे. म्हणून खाराच्या मक्त्याचे हिशेब हे सरोवराच्या पातळीचेहि हिशेब आहेत. आज या गोष्टीस निराळेंच महत्त्व आलें आहे. सरोवराचा परिसर २००० मध्यें वन्यजीव अभयारण्य झाला. २०२० च्या जूनमध्यें सगळें पाणी गुलाबी झालें, व पाणी कमी होऊन खारेपणा वाढल्यामुळें क्षारप्रिय सूक्ष्मजंतु माजले हें त्याचें कारण निघालें. त्याच वर्षीं रामसर करारांतील पाणथळ जागांच्या यादींत लोणारचें नांव आलें. त्यानंतर उलट पाणी चढून कांठच्या देवळांस लागल्याच्या तक्रारी आल्या. हा चढउतार नेहमींचा कीं नवा, हें सांगण्यास मोजमापाच्या नोंदी गेल्या कांहीं दशकांच्याच आहेत. त्यामागचा काळ रुमालांत बांधून पडलेला आहे.

मेहकर, सिंदखेड, जाफराबाद व जालना या परगण्यांचे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं लोणारच्या खाराचे मक्ते, ताकीदपत्रें, कमळजादेवीच्या पूजाअर्चेच्या सनदा व तीर्थोपाध्यायांच्या वह्या एकदां या दृष्टीनें उलगडून पाहाव्यात. पाणी देवळाच्या कोणत्या पायरीस लागलें, कोणत्या सालीं पापडी धरली, कोणत्या सालीं मक्त्यांत सूट मिळाली, एवढेंच टिपून घेतलें तरी पुरे. विरजक्षेत्रमाहात्म्याची जुनी पोथी मिळाल्यास झाकणाचा अध्याय तींत आहे कीं नाहीं तें प्रथम पाहावें, आणि असल्यास गांवाचें नांव कसें लिहिलें आहे तें जसेंच्या तसें उतरून घ्यावें.